दूरचें युद्ध आणि आपली उदासीनता

सुदानमधील युद्ध हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. परंतु त्या युद्धाचा साद्यंत इतिहास सांगावा हा माझा हेतु नाहीं. लक्षावधि माणसांना देशोधडीस लावणारें एक युद्ध पेटलें, आणि जगांतील बहुसंख्य सुशिक्षित लोकांनीं त्याकडे जवळजवळ लक्षच दिलें नाहीं. हें कसें घडलें आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढाच विचार आपणांस करावयाचा आहे. "परक्यांचें भांडण, त्याचें आपणांस काय?" असें कोणी विचारील. हा प्रश्न पुष्कळांच्या मनांत प्रामाणिकपणें येतो, म्हणूनच त्याला उत्तर दिलें पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिति थोडक्यांत पाहूं. सुदान हा नील नदीच्या कांठचा, सुमारें ५ कोट वस्तीचा देश. २०१९ सालीं जनतेच्या चळवळीपुढें ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची राजवट कोसळली. मुलकी कारभाराची घडी नीट बसण्यापूर्वींच ऑक्टोबर २०२१ मध्यें लष्करानें सत्ता बळकावली. त्या वेळीं एकत्र असलेले दोन सेनानी, म्हणजे सरकारी सैन्याचे प्रमुख जनरल बुरहान आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' या निमलष्करी दलाचे प्रमुख हमेदती, यांचें पुढें आपसांत बिनसलें. आणि १५ एप्रिल २०२३ रोजीं खार्तूम राजधानींतच लढाई जुंपली. २०२५ साल संपलें तरी ती थांबली नव्हती. एक वेळ अशी आली कीं, घरदार सोडावें लागलेल्यांची संख्या १ कोट २० लाखांवर गेली. २०११ च्या शिरगणतींत मुंबई शहराची जेवढी वस्ती भरली, जवळजवळ तेवढीं हीं माणसें!

युद्धाच्या प्रारंभीं भारत सरकारनें 'ऑपरेशन कावेरी' ही मोहीम काढून सुमारें ३,८०० माणसें तेथून सुखरूप आणलीं. तेवढे दिवस आपल्या वृत्तपत्रांतून सुदानचें नांव वारंवार झळकत होतें. आपलीं माणसें परत आलीं आणि तें नांव मावळलें. इतर देशांतही थोड्याफार फरकानें हेंच घडलें. यांत कोणाचा दुष्टपणा होता असें नाहीं. त्याच काळांत युक्रेनचें व गाझाचें युद्ध लोकांचें लक्ष वेधून घेत होतें. सुदानमध्यें बातमीदारांस शिरकाव नव्हता. कित्येक प्रांतांत दूरध्वनि आणि इंटरनेट बंद पडलें होतें. शिवाय या लढ्यांत ज्याची बाजू निःशंकपणें घ्यावी असा पक्षच दिसेना. दोन्ही सैन्यांवर घोर अत्याचारांचे आरोप झाले. जेथें नायक सांपडत नाहीं, तेथें प्रेक्षकाचें मन रमत नाहीं. आणि या सर्वांच्या मुळाशीं, "आफ्रिकेंत हें असेंच चालावयाचें" हा आपण न तपासलेला समजही असतो.

परंतु उदासीनता म्हणजे केवळ एक रिकामी जागा आहे, तिच्यामुळें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, असें मात्र समजूं नये. दार्फूर प्रांतांतील एल फाशेर शहराची हकीकत या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मे २०२४ पासून निमलष्करी दलानें या शहरास वेढा घातला. १३ जून २०२४ रोजीं सुरक्षा परिषदेनें ठराव करून हा वेढा उठविण्याची मागणी केली. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें शहरालगतच्या झमझम छावणींत दुष्काळ पडल्याचें तज्ज्ञांनीं जाहीर केलें. पुढें वेढा घालणाऱ्यांनीं शहराभोंवतीं मातीचा उंच बांध घालण्यास आरंभ केला. तो बांध कसकसा वाढत गेला, हें उपग्रहांनीं घेतलेल्या छायाचित्रांत सर्व जगाला दिसत होतें. आंत अडकलेलीं माणसें गुरांना घालावयाची भुईमुगाची पेंड खाऊन दिवस काढीत होतीं. अखेर २६ ऑक्टोबर २०२५ रोजीं शहर पडलें, आणि नंतर तेथें मोठी कत्तल झाली. ठराव आणि पाडाव यांमध्यें सोळा महिने गेले. पुरावा नव्हता असें नाहीं, इशारा मिळाला नव्हता असेंही नाहीं. ठराव पाळला जातो कीं नाहीं, हें आपापल्या सरकारांस विचारणारें लोकमत तेवढें कोठें नव्हतें. वेढा घालणाऱ्यांस ही गोष्ट पक्की ठाऊक होती.

लोकमत असतें तर काय झालें असतें? याचें अर्धेंमुर्धें उत्तर त्याच दार्फूरच्या इतिहासांत मिळतें. २००३ सालीं तेथें पहिलें युद्ध भडकलें, तेव्हां 'जंजावीद' टोळ्यांनीं गांवेंच्या गांवें जाळलीं. याच टोळ्यांतून पुढें आजचें निमलष्करी दल निघालें. त्या वेळीं अमेरिकेंत आणि युरोपांत विद्यार्थी, धर्मसंस्था व सामान्य गृहस्थ यांनीं मोठी चळवळ केली. २००४ सालीं दार्फूरपुरती शस्त्रबंदी झाली, २००५ सालीं तें प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे गेलें, २००७ च्या अखेरीस शांतिसेना पोहोंचली, आणि अन्न व औषधें फार मोठ्या प्रमाणावर मिळूं लागून रोगराईनें होणारे मृत्यु कमी झाले. जंजावीदांचा एक म्होरक्या अली कुशायब यास त्या न्यायालयानें ऑक्टोबर २०२५ मध्यें दोषी ठरविलें. या सर्वानें युद्ध मिटलें नाहीं, हें खरें. कित्येक लाख माणसें तेव्हांही प्राणांस मुकलीं. परंतु जें कांहीं झालें, तें लोकांनीं लक्ष दिल्यामुळें झालें. ती शांतिसेना २०२० च्या अखेरीस आपलें काम आटोपती झाली, जगाचें लक्ष उडालें, आणि अवघ्या अडीच वर्षांत त्याच भूमीवर तोच अनर्थ पुन्हां सुरू झाला.

दुसरी गोष्ट पैशाची. युद्धग्रस्त भागांत खार्तूमसारख्या शहरांतील तरुणांनीं आळीआळींतून सार्वजनिक भटारखाने चालविले. सरकार नाहीं, बाजार नाहीं, अशा ठिकाणीं शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांसाठीं मांडलेल्या या चुली. त्यांवर शिजणारी डाळ परदेशच्या मदतीवर अवलंबून होती. २०२५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें सुदानसाठीं सुमारें ४२० कोटी डॉलर मागितले. त्यांतील निम्मी रक्कमही जमली नाहीं. त्याच वर्षाच्या प्रारंभीं अमेरिकेची मदत एकाएकीं थांबल्यामुळें असे शेंकडों भटारखाने बंद पडले. ज्या संकटाविषयीं मतदार बोलत नाहीं, त्यावरील खर्च कापणें सरकारला सर्वांत सोपें जातें.

तिसरी गोष्ट व्यापाराची. सुदानच्या भूमींत सोनें आहे, आणि दोन्ही पक्षांची लढाई पुष्कळशी त्या सोन्यावर चालली. त्यांतील मोठा भाग संयुक्त अरब अमिरातीच्या बाजारांत जातो. तेथूनच निमलष्करी दलास शस्त्रें पुरविलीं जातात, हा आरोप विश्वसनीय असल्याचें संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनीं जानेवारी २०२४ मध्यें नमूद केलें. अमिरातीच्या सरकारनें तो साफ नाकारला आहे. सोनें एकदां वितळलें कीं तें कोठल्या खाणींतून आलें हें त्यावरून कळत नाहीं. सोन्याचें मोठें गिऱ्हाईक असलेल्या आपल्या देशांतील सुज्ञ गृहस्थानें, "हा माल मूळचा कोठला?" असा प्रश्न विचारण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. तोच प्रश्न कोणी विचारीत नाहीं, म्हणून हा व्यापार निर्वेध चालतो.

यावर एक आक्षेप येईल: "आमच्याच देशांत दुःख कमी आहे काय? आणि आम्हीं घरांत बसून हळहळल्यानें तोफा थोड्याच थांबणार?" पहिल्या भागाविषयीं एवढेंच म्हणतां येईल कीं, ज्याला शेजारच्या आळींतील दुःख दिसतें, त्यालाच बहुधा दूरचेंही दिसतें. दुसऱ्या भागाचें उत्तर आपल्या अनुभवांतच आहे. १९४३ सालीं बंगालमध्यें दुष्काळानें माणसें मरत होतीं आणि सरकार दुष्काळ हा शब्दही उच्चारावयास तयार नव्हतें. ऑगस्ट महिन्यांत कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्रानें रस्त्यांवर पडलेल्या भुकेल्यांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां कोठें ती गोष्ट दिल्लीस व लंडनला झांकून ठेवणें अशक्य झालें. मदत फार उशीरां आली, सुमारें ३० लाख माणसें मेलीं. पण ती आली ती लोकांनीं पाहिल्यामुळें. दुर्लक्षाची किंमत काय असते, हें आपणांस दुसऱ्यानें शिकविण्याची गरज नाहीं.

आणि सुदान आपणांस अगदींच परका आहे काय? पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत आहे; तिचें नांव 'सुदान ब्लॉक'. इटालियन सैन्यानें १९४० सालीं सुदानमधील कसाला हें शहर घेतलें होतें. तें सोडवून शत्रूला एरिट्रियांत मागें रेटण्यांत हिंदी पलटणींचा मोठा वांटा होता. १९४१ सालच्या केरेनच्या लढाईंत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही लढले. त्या वीरांच्या स्मरणार्थ तेव्हांच्या सुदान सरकारनें १ लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यांतील ७० हजार पौंड भारताच्या वांट्यास आले, आणि ते या इमारतीच्या कामीं लागले. पुढें १९५३ सालीं सुदानची पहिली निवडणूक ज्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या देखरेखीखालीं झाली, त्याचे अध्यक्ष आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे होते. त्यांनीं आपलें स्मरण ठेवलें. आपण त्यांचें ठेवावें, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं.

मग सामान्य माणसानें करावें तरी काय? या विषयावरील बातमी टाळून पुढचें पान उलटूं नये. ती येत नसेल तर संपादकांस पत्र लिहून मागावी. आपल्या लोकसभेंतील प्रतिनिधीस, या बाबतींत आपल्या सरकारचें धोरण काय आहे, हें विचारावें. अन्न-औषधें पोहोंचविणाऱ्या विश्वासू संस्थेस यथाशक्ति वर्गणी द्यावी. हीं कामें लहान आहेत, आणि त्यांनीं उद्यां युद्ध थांबेल असें मी म्हणत नाहीं. परंतु दूरदेशीं माणसें मारणारा मनुष्य, आपल्याकडे कोणी पाहत नाहीं, या भरंवशावर पुष्कळदां वागत असतो. तो भरंवसा त्याला आपल्याकडून मिळूं नये, इतकें तरी आपल्या हातीं आहे.