चिलापी तव्याला का चिकटते आणि गुळाचा पाक नेमका कधी घालायचा?

तव्यावर खरपूस भाजलेला सॅमन आणि त्यावर चकाकणारा आंबट-गोड पाक. हा पदार्थ आता शहरांतल्या हॉटेलांच्या मेन्यूवर दिसतो. सॅमन हा थंड पाण्यातला मासा. आपल्याकडे तो गोठवलेला येतो आणि महाग पडतो. रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणत असले, तरी तो वेगळ्याच जातीचा मासा आहे.

बारामती आणि इंदापूरकरांना मात्र सॅमनच्या मागे धावायची गरज नाही. मासा उजनीचा आणि गोडवा उसाचा, दोन्ही इथलेच.

चिलापीच का?

भीमा नदीवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी इंदापूर तालुक्यात पसरलं आणि पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण मासळीसाठी ओळखलं जाऊ लागलं. इथे रोहू, कटला, मरळ आणि चिलापी मिळते. चिलापी म्हणजे तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला.

रोहू-कटल्याच्या मांसात बारीक, दुहेरी काटे असतात. चिलापीत ते नसतात. मधला काटा काढला की सलग तुकडा हाती येतो. म्हणून या पद्धतीला ती सोयीची पडते. फरक एवढाच की सॅमन तेलकट असतो आणि चिलापी कमी चरबीची. त्यामुळे ती जास्त वेळ तव्यावर राहिली तर कोरडी पडते.

मासा चिकटतो कशामुळे?

पाण्यामुळे. ओला तुकडा तव्यावर पडला की आधी पाण्याची वाफ होते. तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास अडकतं, मासा भाजण्याऐवजी शिजतो आणि तव्याला धरतो. खरपूस रंग यायला साधारण १४० अंशांच्या पुढची उष्णता लागते. म्हणून मीठ-हळद लावून दहा मिनिटांनी तुकडे स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करावेत. बीडाचा तवा चांगला तापवावा, मग तेल घालावं. कड सुटली की मासा आपोआप मोकळा होतो. त्याआधी उलथणं घातलं तर तो तुटतो.

पाक शेवटी का?

गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. यातलं फ्रुक्टोज ११० अंशांच्या पुढेच तांबूस व्हायला लागतं. गूळ सुरुवातीलाच मॅरिनेशनमध्ये घातला तर मासा आत कच्चा राहतो आणि बाहेरून करपून कडू होतो. पाकात पाणी असेपर्यंत तो करपत नाही. पाणी आटलं की तापमान झपाट्याने चढतं. सगळा खेळ या शेवटच्या मिनिटाचा आहे.

कृती

अर्धा किलो तुकड्यांसाठी तीन मोठे चमचे चिरलेला गूळ, दोन चमचे चिंचेचा कोळ, चार पाकळ्या ठेचलेला लसूण, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर मीठ आणि पाव वाटी पाणी एकत्र करून गूळ विरघळवून घ्यावा. चिंचेऐवजी एक चमचा सोया सॉस आणि थोडं लिंबू चालेल. मग वेगळं मीठ नको.

दीड सेंटिमीटर जाडीचे तुकडे मध्यम-मोठ्या आचेवर पहिल्या बाजूने तीन ते चार मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन मिनिटं भाजावेत. आच मंद करून पाक ओतावा आणि चमच्याने तुकड्यांवर घालत राहावं. मोठे, संथ बुडबुडे दिसले आणि पाक चमच्याला चिकटू लागला की लगेच गॅस बंद करावा. गार होताना तो आणखी घट्ट होतो.

काही हॉटेलांत सॅमन मध्यभागी अर्धवट कच्चा ठेवतात. गोड्या पाण्यातल्या माशाबाबत तसं करू नये, कारण त्यात परजीवी असू शकतात. मांस पूर्ण पांढरं झालं आणि काट्याने सहज पाकळ्या सुटल्या की मासा शिजला. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ अंश दिसायला हवं.

सोबत ज्वारीची भाकरी आणि चिरलेला कांदा असला, की आणखी काही लागत नाही.