अर्जातला माणूस

तंजावूरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे निघाले की वाटेत ओरत्तनाडु लागते. तंजावूरचे मराठी राजे दुसरे सरफोजी ह्यांनी १८०२ मध्ये मुक्तांबाळ हिच्या नावाने बांधविलेले छत्र ह्याच गावी आहे. रामेश्वराच्या यात्रेकरूंना तेथे अन्न मिळे. मुलांना अन्नाबरोबर विद्याही मिळे, आणि दोन्ही विनामूल्य.

मध्यंतरी सरकारी कामानिमित्त त्या गावी गेलो असता, एका मराठी कुटुंबातील बारावीच्या मुलाने अमेरिकन विद्यापीठासाठी केलेला आपला अर्ज माझ्यापुढे ठेवला. त्यात गुणांची लांबलचक यादी होती आणि कुठूनतरी उचललेली अलंकारिक वाक्ये होती. मुलगा मात्र कोठेच नव्हता.

आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुणपत्रिका. अमेरिकेत गुणांना महत्त्व आहेच. नववीपासूनच्या गुणपत्रिका पाठवाव्या लागतात, काही विद्यापीठे सॅट ही परीक्षाही मागतात. परंतु त्यांच्या जोडीला शिक्षकांची शिफारसपत्रे आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध लागतो. हजाराहून अधिक महाविद्यालये स्वीकारतात त्या ‘कॉमन ॲप्लिकेशन’मध्ये ह्या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. हा मुलगा कोणत्या परिस्थितीत वाढला आणि त्या परिस्थितीत त्याने काय केले, हे परीक्षकाला त्यातून जाणून घ्यावयाचे असते.

ह्याचा उत्तम नमुना आपल्याच घरचा आहे. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी ह्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले. मोठी प्रमाणपत्रे त्यांच्यापाशी नव्हती. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी लपविले नाही. आप्तांचा व ज्ञातीचा विरोध पत्करून आपण का आलो, आणि आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री-वैद्याची गरज का आहे, एवढे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला, आणि १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

मी त्या मुलाला विचारले, “घरी तू काय करतोस?” तो म्हणाला, “काही नाही, काका. कालव्याचं पाणी कधी येतं ते लिहून ठेवतो.” मेट्टूर धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे, पण ते आपल्या शेताच्या तोंडाशी कोणत्या दिवशी पोहोचते, ह्याची पाच वर्षांची नोंद त्याच्या वहीत होती. उशीर किती आणि का, ह्याचे गणितही त्याने मांडले होते. अर्जात ह्यातले एक अक्षर नव्हते! मी म्हटले, “हेच लिही, आणि तुझ्या साध्या इंग्रजीत लिही.”

दुसरा प्रश्न पैशाचा. तेथील बड्या खाजगी विद्यापीठांत राहण्याजेवण्यासह वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरांच्या वर जातो. मुलाचे वडील शेत विकण्याच्या गोष्टी करीत होते. त्यांना मी समजावून सांगितले, की हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ह्यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश ठरविताना त्याची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर गरजेइतके साह्य करतात. मात्र तेथे स्पर्धा अतिशय तीव्र असते. इतर बहुतेक ठिकाणी साह्य मागितल्याचा निवडीवर परिणाम होऊ शकतो. कित्येक सरकारी विद्यापीठे तर परदेशी विद्यार्थ्याला फारच थोडे साह्य देतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच प्रत्येक संस्थेचा नियम वाचावा, उत्पन्नाचे आकडे खरे द्यावेत, आणि अर्जाची फी परवडत नसेल तर ती माफ करण्याची विनंती करावी. खर्चाची तरतूद दाखविल्यावाचून विद्यापीठ आय-२० हा कागद देत नाही, आणि त्यावाचून विद्यार्थी-व्हिसा मिळत नाही. नुसत्या प्रवेशपत्राच्या भरवशावर जमीन विकणे हे शहाणपण नव्हे.

ह्या साऱ्या तयारीला वर्षभर तरी हवे. अर्जाची मुदत बहुधा नोव्हेंबरच्या किंवा जानेवारीच्या आरंभी संपते; जानेवारीच्या अर्जांची उत्तरे मार्चअखेरच्या सुमारास येतात. दरम्यान स्वदेशातील महाविद्यालयांचे अर्जही भरून ठेवावेत. नकार आला तर त्यात बेअब्रू नाही. पुष्कळ लायक मुलांना तो येतो.

त्या मुलाने निबंध नव्याने लिहिला. मी निघालो तेव्हा तो पाण्याच्या वहीतील तारखा पुन्हा एकदा तपासून पाहत होता. शेत विकण्याचा विषय वडिलांनी तूर्त तरी सोडून दिला होता.