परिचारिकेचें पहिलें वर्ष

परीक्षा उत्तीर्ण झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदपुस्तकांत नांव चढलें, म्हणजे शिकाऊ मुलगी परिचारिका झाली, असा घरोघरीं समज असतो. कायद्याच्या दृष्टीनें तो बरोबरच आहे. परंतु ज्ञान पदरीं असणें निराळें आणि त्या ज्ञानाची जोखीम शिरावर घेणें निराळें.

विद्यार्थिदशेंत तिच्याकडे मोजके रुग्ण सोंपविलेले असत. प्रत्येकाचा विचार सावकाश करावयास सवड असे, आणि पाठीशीं सिस्टर उभी असे. आतां एकाचें सलाइन संपत आलेलें असतें, दुसऱ्याच्या औषधाची वेळ झालेली असते, तिसऱ्याचे नातेवाईक दारांत खोळंबलेले असतात. आधीं कोणाकडे जावें, हें तिचें तिलाच ठरवावें लागतें.

समजा, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची नाडी रात्रीं २ वाजतां जलद होऊं लागली, हातपाय गार पडूं लागले. आंत रक्तस्राव होत असेल, हें ती शिकलेली असते. पण रक्तदाब अद्याप फारसा उतरलेला नसतो. निजलेल्या डॉक्टरांस उठवावें, तर ‘एवढ्यासाठीं?’ असें ऐकावें लागेल ही धास्ती. न उठवावें, तर मोलाची घटका निघून जाते. अशा वेळीं संकोच रुग्णाच्या जिवावर बेततो. म्हणून सद्यःस्थिति काय, पूर्ववृत्त काय, आपला अंदाज काय व हवें काय, या चार गोष्टी क्रमानें सांगण्याची रीत अनेक रुग्णालयांतून शिकवितात. भीति गेली नाहीं, तरी जिभेला वाट सांपडते.

मार्लीन क्रेमर या अमेरिकन विदुषीनें १९७४ सालीं या अवस्थेस ‘रिअ‍ॅलिटी शॉक’, म्हणजे वास्तवाचा धक्का, असें नांव दिलें. प्रथम नवलाई, मग धक्का, पुढें सांवरणें आणि शेवटीं समतोल, असा तिनें सांगितलेला क्रम आहे. पॅट्रिशिया बेनर हिनें १९८४ सालीं परिचारिकेच्या प्रगतीच्या ५ पायऱ्या वर्णिल्या. त्यांतील तिसरी, म्हणजे समर्थ परिचारिकेची पायरी, एकाच तऱ्हेच्या कामांत २-३ वर्षें गेल्यावर येते. तेव्हां पहिल्या वर्षांतील गोंधळ म्हणजे नालायकी, असें कोणी समजूं नये.

यांतून दोघांनीं बोध घ्यावा. अनुभवी सिस्टरनें नव्या मुलीच्या प्रश्नास उपहासानें उत्तर देऊं नये. एकदां हंसें झालें कीं ती पुन्हां विचारीत नाहीं, आणि न विचारलेल्या प्रश्नाची किंमत रुग्णास द्यावी लागते. घरच्या माणसांनीं रात्रपाळीहून आलेल्या मुलीस दिवसा निजूं द्यावें; आल्यागेल्यासाठीं तिला उठवूं नये. पगार सुरू झाला म्हणून शिक्षण संपलें, असें या व्यवसायांत होत नाहीं.