हिरड्या चोळण्याचें साधन

नाशिकच्या जुन्या वाड्यांतून सकाळीं दोन दृश्यें दिसत: अंगणांत बाभळीची काडी चावणारे आजोबा आणि चुलीपाशीं बोटानें मिश्री लावणाऱ्या आजी. हिरडी चोळली कीं दांत बळकट होतात, हा दोघांचाही समज. आजींची मिश्री म्हणजे भाजून कुटलेला तंबाखू. त्यानें तोंडाचा कर्करोग संभवतो. तेव्हां घ्यावयाचा तो काडीचाच धडा.

सुश्रुतानें ती बारा अंगुळें लांब व करंगळीएवढी जाड सांगितली. हिरडीस इजा होऊं न देण्याची अट चरकानें घातली. हातास पेलेल असें माप आणि हिरडीस सोसेल असा दाब, साधन घडविणारास याहून अधिक काय हवें? उणीव एकच: सरळ काडी मागल्या दाढांच्या आंतल्या अंगास नीट लागत नाहीं. म्हणून मूठ सरळ, परंतु टोंक वांकविलेलें ठेवावें व त्यावर मऊ रबराचा निमुळता शेंडा बसवावा. दांत व हिरडी यांच्या सांध्यावर तो सुमारें ४५ अंशांत तिरपा टेकवून लहान लहान वर्तुळांत फिरवावा. हिरडी क्षणभर फिकी पडून पूर्ववत् होईल, इतकाच जोर पुरे.

मात्र नुसत्या चोळण्यानें दांतांवरचें कीट निघत नाहीं. हिरडींतून रक्त येतें तें बहुधा त्या कीटामुळेंच. तेथें ब्रश व दंतवैद्य हवेत. रबर चिरलें कीं बदलावें. चिरेंत घाण सांठते.