सेंट लँबर्टचा बालवर्ग

सेंट लँबर्ट हे माँट्रियलसमोरचं, सेंट लॉरेन्स नदीपलीकडचं उपनगर. तिथली इंग्रजी बोलणारी मुलं वर्षानुवर्षं शाळेत फ्रेंच शिकायची, तरी फ्रेंच शेजाऱ्याशी चार वाक्यं धड बोलता यायची नाहीत. क्वेबेकमधल्या शाळा तेव्हा धर्मानुसार विभागलेल्या होत्या. प्रॉटेस्टंट शाळा इंग्रजीतून चालत, कॅथलिक बहुतांशी फ्रेंचमधून. मुलांनी एकमेकांना भेटायचं कुठे?

ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलरी नील या तिघी आयांनी, मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधूनच शिकवावं या मागणीसाठी, 1963 पासून पालक जमवायला सुरुवात केली. शाळा मंडळ राजी नव्हतं. मग मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट (गावाशी आडनाव जुळलं तो योगायोग) आणि मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दोन भाषा येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत नाहीत, उलट पुढे असतात, हे लँबर्ट आणि एलिझाबेथ पील यांनी 1962 मध्येच दाखवलं होतं. अखेर सप्टेंबर 1965 मध्ये इंग्रजी मुलांचा फ्रेंच बालवर्ग भरला.

मला विलक्षण वाटते ती या वर्गाची रीत. पाच वर्षांचं पोर इंग्रजीतून तक्रार घेऊन येतं. बाईंना ती कळते, पण उत्तर फ्रेंचमधूनच मिळतं. रागावणं नाही, भाषांतर नाही. हातवारे, चित्रं, गाणी, आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा. मूल बोलेपर्यंत थांबायची तयारी लागते, आणि सतत एकाच भाषेला धरून राहणं किती दमवणारं असेल! पहिलीत ही मुलं वाचायला शिकली तीही फ्रेंचमधून, इंग्रजी वाचन येण्याआधी. ज्यांनी आपली मुलं यात घातली त्या पालकांच्या छातीला दाद द्यायला हवी. दुसरीत इंग्रजीचा थोडा वेळ सुरू झाला, पुढे तो वाढत गेला, आणि इंग्रजीतली पिछाडी लवकरच भरून निघाली. लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांचं या प्रयोगावरचं पुस्तक 1972 मध्ये आलं. आज कॅनडात चार लाखांहून अधिक मुलं अशा वर्गांत शिकतात.

पण उणिवाही या रीतीतूनच आल्या. मुलांना ऐकलेलं फ्रेंच छान कळतं, बोलताना मात्र लिंग आणि क्रियापदं चुकतात, आणि त्या चुका वरच्या वर्गांतही राहतात. वर्गाबाहेर त्यांच्याशी फ्रेंच बोलणारं त्यांच्या वयाचं कुणी नसतं. मैदानावर सगळे इंग्रजीच बोलतात. भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी 1980 च्या दशकात हे नेमकं टिपलं: नुसतं ऐकून पुरत नाही, मुलांना बोलायला भाग पाडावं लागतं.

लँबर्ट यांचा एक इशारा मराठी पालकांनीही ऐकावा असा आहे. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी आधीच भक्कम होती, भोवतालचं जग ती सांभाळत होतं, म्हणून दुसरी भाषा भर म्हणून आली. जिची स्वतःची भाषा समाजात दुबळी आहे अशा मुलीवर हाच प्रयोग केला, तर पहिली भाषाच झिजते. तिला आधी तिच्या भाषेत शिकवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

कॅनडातली सध्याची काळजी वेगळीच आहे. अस्खलित फ्रेंच बोलणारे शिक्षक पुरेसे मिळत नाहीत, आणि काही शाळा मंडळांत पालकांना बालवर्गातल्या जागेसाठी सोडतीत नाव घालावं लागतं.