टेपने मोजलेला भेदभाव

अमेरिकेतल्या एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेला झेब्राफिशवरच्या संशोधनासाठी जादा जागा मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतः टेप घेऊन सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळा मोजल्या. ज्येष्ठ स्त्रियांची जागा पुरुषांपेक्षा कमी भरली. १९९४ मध्ये तिथल्या विज्ञान शाखेत कायम प्राध्यापिका होत्या अवघ्या १५. त्यांतल्या बहुतेक जणी एकत्र आल्या, समिती नेमली गेली, आणि १९९९ च्या अहवालानिमित्त हा भेदभाव खरा असल्याचे संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केले. ही कबुली मला फार मोलाची वाटते. २००१ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विज्ञानातल्या स्त्रियांसाठीच्या ‘ॲडव्हान्स’ योजनेतून विद्यापीठांना निधी दिला. तो मुख्यतः नियम आणि पद्धती बदलण्यासाठी: निवड समित्यांचे प्रशिक्षण, बाळंतपणानंतर कायम होण्याची मुदत वाढवणे वगैरे.