पावसाचे पाणी आणि बांधकामाचा परवाना

शहर वाढू लागले की जमिनीचे भाव वाढतात, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही. मात्र जमिनीचे भाव चढत असताना पाण्याची वाट अरुंद होत जाते आणि त्या वाटेची किंमत कोणाच्याच जमाखर्चात धरली जात नाही, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. वसईच्या पूर्वेकडील गोखिवरे आणि त्याच्या शेजारची आचोळे, वालीव, सातिवली ही गावे याची साक्ष देतील. पावसाळ्यात येथे पाणी तुंबले की नालेसफाईच्या नावाने बोटे मोडली जातात. ती टीका अनाठायी नसते. परंतु नाला साफ असला तरी त्यात किती पाणी यावे हे ज्या कागदावर ठरते, त्या बांधकामाच्या परवान्याकडे फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो कागद आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. गोखिवऱ्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर आहे. २००३ साली तेथील वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पश्चिमेस पश्चिम रेल्वेचा उंच भराव दक्षिणोत्तर पसरला आहे. वसई परिसरात वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत पडतो. डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला दोनच वाटा आहेत. एक, नाल्या-ओहोळांतून दक्षिणेकडे खाडीला मिळण्याची. दुसरी, रेल्वेखालच्या मोऱ्यांतून पश्चिमेकडे जाण्याची. त्यातही समुद्राला भरती असेल, तर खाडी पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत पाण्याने कोठेतरी थांबावे लागते. पूर्वी ते भाताच्या खाचरांत, खाजणांत आणि मिठागरांत थांबत असे.

खाचर हे केवळ पिकाचे साधन नव्हते, ते पाण्याचे कोठारही होते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. बांध घातलेल्या एवढ्या खाचरात केवळ १५ सेंटिमीटर पाणी उभे राहिले, तरी ते पंधरा लाख लिटर होते. त्या जागेवर रस्त्याच्या पातळीवर भराव घातला की ही साठवण एका उन्हाळ्यात नाहीशी होते. पुढचा हिशेब पावसाच्या ओघाचा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस कोसळला तर एका हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी पडते. मोकळ्या मातीच्या जमिनीवरून त्यातील चाळीस टक्के वाहून जाते असे धरले, तर ते दोन लाख लिटर होते. छपरे, डांबर आणि फरसबंदी यांनी जमीन झाकली गेली आणि नव्वद टक्के पाणी वाहू लागले, तर तो आकडा साडेचार लाखांवर जातो. हे अडीच लाख लिटर अधिक पाणी म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. ते एका तासात, एका भूखंडातून खालच्या शेजाऱ्याच्या दारात ओतले जातात. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांना हे परिमाण समजावून द्यावे लागणार नाही.

या हिशेबाचा प्रत्यय जुलै २०१८ मध्ये आला. वसई-विरार पट्टा काही दिवस जलमय झाला, नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकलची वाहतूक बंद पडली आणि वसईच्या मिठागरात राहणारी कुटुंबे पाण्याने वेढली गेली. त्यानंतर महापालिकेने ‘नीरी’ आणि मुंबईची आय. आय. टी. या संस्थांच्या तज्ज्ञांकडे कारणांचा शोध सोपवला. पाण्यासाठी धारण तलाव राखावेत, नैसर्गिक नाल्यांना त्यांची रुंदी परत मिळावी, हा त्यांच्या शिफारशींचा रोख होता. शेतकऱ्याच्या खाचरांनी जे काम फुकट केले, तेच आता सार्वजनिक पैशाने करा, असाच त्याचा अर्थ होतो.

परवाना काय पाहतो?

येथे नियम नाहीत असे नाही. वसई-विरार उपप्रदेशासाठी १९९० साली सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. २००७ साली विकास योजना मंजूर झाली. २००९ साली चार नगरपालिका आणि परिसरातील ५३ गावे मिळून महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली येथेही लागू आहे. ज्या जागेचा निचरा नीट होऊ शकत नाही, ती जागा बांधकामास अयोग्य ठरवण्याचा अधिकार या नियमावलीने प्राधिकरणाला दिला आहे. पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारणाची सक्ती आहे. चार हजार चौरस मीटर व त्यापुढील भूखंडात एक दशांश जागा मोकळी ठेवावी लागते. शिवाय २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते.

मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की, हे सारे नियम भूखंडाला बेट समजतात. परवाना देताना त्या कुंपणाच्या आत काय घडेल हे पाहिले जाते. कुंपणाबाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय होईल, हे प्रत्येक वेळी आकड्यांत मांडलेच पाहिजे असे बंधन लहान व मध्यम प्रकल्पांवर नाही. एकोणीस हजार चौरस मीटरचे पाच प्रकल्प एकाच नाल्याच्या काठी उभे राहिले, तर त्यांची बेरीज पंच्याण्णव हजार होते; परंतु पर्यावरणाच्या मंजुरीसाठी त्यांतील एकही पात्र ठरत नाही. भरावाचेही तसेच. प्रत्येक नवा बांधकाम करणारा आपले जोते शेजाऱ्याहून हातभर उंच घेतो. त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच असते. पण सर्वांनी हेच शहाणपण केले, तर उरलेली जुनी वस्ती ताटाच्या मध्यभागी वाटी ठेवावी तशी होते.

तिसरी उणीव दंडाची आहे. पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था न केल्यास किंवा ती नादुरुस्त ठेवल्यास दर शंभर चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकार बसवता येतो. म्हणजे दोन हजार चौरस मीटरच्या इमारतीला जास्तीत जास्त वीस हजार रुपये. ती रक्कम घरटी वाटली तर महिन्याला शंभराची नोटही पुरून उरेल. व्यवस्था राखण्यापेक्षा आकार भरणे स्वस्त असेल, तर माणसे काय करतील हे सांगायला सिद्धान्ताची आवश्यकता नाही.

खर्च कोणाच्या माथी?

एकाच्या व्यवहाराचा खर्च त्या व्यवहारात सहभागी नसलेल्या तिसऱ्यावर पडतो, तेव्हा बाजारातली किंमत खोटी ठरते. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली आपल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला. गोखिवऱ्यासारख्या गावी तो तिसरा कोण असतो? तो तळमजल्यावरचा भाडेकरू असतो, चाळीत राहणारा कारखान्यातला कामगार असतो, भिजलेल्या पिठाचा डबा आणि मुलांच्या वह्या पोटमाळ्यावर चढवणारी गृहिणी असते. आणि काही वर्षांनी तो नव्या सदनिकेचा मालकही होतो. कारण त्याच्याहून उंच भराव शेजारी पडतो. पंधरावीस वर्षांच्या कर्जावर घर घेणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने विक्रीच्या करारनाम्यात चटई क्षेत्रापासून नळाच्या तोटीपर्यंत सारे वाचलेले असते; पाणी कोठून येते आणि कोठे जाते, एवढेच त्याला कोणी दाखवलेले नसते.

सार्वजनिक सोयीसाठी राखलेली जमीन गिळली गेली म्हणजे काय होते, हे आचोळे येथे दिसले. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि क्षेपणभूमी यांसाठी राखीव असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडाव्या लागल्या. ते काम फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरे झाले. जमीन विकणारे निघून गेले होते. रस्त्यावर आली ती त्या घरांत राहणारी माणसे.

पाण्याच्या वाटेचा खर्च लाभधारकाने द्यावा, ही कल्पना परकी नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धतीच्या खारजमिनींवर बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे धान्य वेगळे घेतले जाई. बांध फुटला तर एकाचे नव्हे, सर्वांचे शेत खारावते, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते. बर्लिन शहरात २००० सालापासून पावसाच्या पाण्याचा आकार झाकलेल्या जमिनीच्या चौरस मीटरवर लावला जातो. अमेरिकेत १९८७ च्या कायदादुरुस्तीने पावसाच्या निचऱ्याला परवान्याच्या कक्षेत आणले आणि पुढे एक एकरापर्यंतची बांधकामेही त्यात आली.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्राच्या अर्जासोबत पाण्याचा ताळेबंद मागावा: बांधकामापूर्वी भूखंडातून तासाला किती पाणी बाहेर जात होते, नंतर किती जाईल, आणि वाढीव पाणी आत कोठे थोपवले जाईल. हे अवघड नाही. वरच्याच उदाहरणातील एक हेक्टरच्या भूखंडात नियमानुसार एक हजार चौरस मीटर जागा मोकळी राहते. ती बाग सभोवतालापेक्षा २५ सेंटिमीटर खोल ठेवली, तरी अडीच लाख लिटर पाणी, म्हणजे तो तासाभराचा सारा वाढीव ओघ, तीत मावतो. पाऊस ओसरल्यावर लहानशा नळीवाटे ते सावकाश सोडता येते. खाचराची गेलेली साठवण याने भरून येणार नाही. त्यासाठी धारण तलावच हवेत. दुसरे, भरावाची पातळी प्रत्येकाने आपापली न ठरवता एका नाल्याच्या संपूर्ण पाणलोटासाठी महापालिकेने ठरवून जाहीर करावी आणि मंजूर प्रकल्पांची बेरीजही त्याच पाणलोटानुसार मांडावी. तिसरे, निचऱ्याची व्यवस्था प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि हा ताळेबंद महारेराच्या नोंदणीतील इतर कागदांबरोबर ग्राहकाला पाहता यावा. चौथे, १९९२ पासून नियोजन कायद्याखाली जे विकास शुल्क घेतले जाते, त्यातील नाले व धारण तलाव यांवर किती खर्च झाला, याचा हिशेब महापालिकेने दरवर्षी छापावा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. नियम वाढले की अधिकृत घर महागते आणि गरीब माणूस अनधिकृत चाळीकडे ढकलला जातो. वसई पूर्वेत हा धोका काल्पनिक नाही. म्हणूनच नवे कार्यालय, नवा शिक्का, नवी ना-हरकत यांची भर घालण्याचे कारण नाही. आहे त्याच अर्जात आकड्यांचे एक पान वाढवावे; लहान भूखंडधारकाकडून हिशेब न मागता महापालिकेने ठरवून दिलेला नमुना स्वीकारावा. बाग वीतभर खोल ठेवायला खर्च जवळजवळ लागत नाही. खर्च लागतो तो हे काम आधी न केल्यामुळे, आणि तो आज चाळीतला माणूस दर पावसाळ्यात, पावतीशिवाय, भरतच आहे.

तेव्हा आपल्या भागातील प्रत्येक नव्या परवान्याबाबत नागरिकांनी एक साधा प्रश्न विचारावा: या जागेवर पडणारे पाणी उद्या कोणाच्या दारात जाणार आहे? शिक्षकांना, विद्यार्थ्यांना हा हिशेब वहीत करता येतो; त्यासाठी गुणाकार पुरेसा आहे. उत्तर कागदावर मिळेपर्यंत परवान्यावर सही होऊ नये, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार तळमजल्यावरच्या माणसाला आहे.